फोटो पाठवलाय, बघून घे

सहा_टिंबं | सोमवार, रात्री १०:४०

मंडळी, एरवी क्रिकेटच्या धाग्यावर भांडणारा मी आज कामाचं बोलायला आलोय. जुन्या लोकांना माहीत आहे, नव्यांसाठी सांगतो: मला जन्मापासून दिसत नाही. नाशकात राहतो, बँकेत नोकरी करतो, आणि तुमचे सगळे प्रतिसाद संगणकातली एक बाई मला वाचून दाखवते. एनव्हीडीए नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यातली. चमच्यातला च आणि चहातला च तिला सारखेच. पण इतक्या वर्षांच्या सहवासात एवढं चालतं.

मुद्दा असा. आमच्या ओळखीतलं एक पोर यंदा एफवायबीएला आहे. तालुक्याच्या गावी कॉलेज, विषय अर्थशास्त्र. तोही माझ्यासारखाच. कॉलेजचं नाव विचारू नका, तिथली माणसं वाईट नाहीत. वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यावर सर वहीतल्या नोट्सचे फोटो टाकतात. सूचना फोटोत, वेळापत्रक फोटोत, चाचणी पुढे ढकलल्याची बातमीसुद्धा फोटोत. गेल्या महिन्यात हे पोर रद्द झालेल्या चाचणीसाठी सकाळची एसटी धरून १८ किलोमीटर जाऊन आलं. ग्रुपवर विचारलं तर मित्राचं उत्तर, "अरे, फोटो पाठवलाय ना काल, बघून घे."

आता एकूण १३८ फोटो जमलेत. माझ्या बहिणीने २० टाइप केले, तिलाही संसार आहे. इथल्या कुणी प्रत्येकी दोन पानं युनिकोडमध्ये (फोनवर मराठी टाइप करतो तसं) टाइप करून दिली तर दिवाळीच्या सुट्टीत त्याचा अभ्यास होईल. इच्छुकांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

चहाबाज | सोमवार, रात्री १०:५२

माझी चार पानं. पाठवा.

---

निळी_छत्री | सोमवार, रात्री ११:०५

पाच द्या. एक बाळबोध शंका, राग मानू नका. हल्ली फोन फोटोतला मजकूर ओळखतो की. गूगल लेन्स आहे. मग हातानं टाइप कशाला?

---

सहा_टिंबं | सोमवार, रात्री ११:२०

राग कसला, शंका रास्त आहे. छापील पान असेल, उजेड नीट असेल, तर लेन्स देवनागरी बऱ्यापैकी ओळखतो. मी रोज वापरतो, औषधाच्या बाटलीपासून लग्नपत्रिकेपर्यंत. पण या नोट्स हाताने लिहिलेल्या आहेत. वहीच्या घडीवर सावली, एका कोपऱ्यात सरांचा अंगठा. त्यात तक्ते. तक्त्यातले आकडे लेन्स ओळीने वाचतो, मग किंमत कुठली आणि मागणी कुठली कळत नाही. परवा एका पानाचा पहिलाच शब्द त्याने 'उपयोगिता'ऐवजी 'उपजीविता' ओळखला. पोराने तसंच पाठ केलं.

---

रोखठोक | मंगळवार, सकाळी ८:१५

कटू बोलतो. एका मुलासाठी ७० मुलांच्या मास्तरने आपली पद्धत का बदलावी? सहानुभूती आहे, पण व्यवहारही बघायला हवा. असे किती विद्यार्थी असतात?

---

मास्तरीण | मंगळवार, सकाळी ९:४०

रोखठोक, मी त्याच मास्तरांपैकी एक. वेगळं कॉलेज, वेगळा विषय, पण फोटो मीही टाकते. रात्री अकरा वाजता वहीचं पान काढलं, फोटो, पाठवून दिलं, झोपले. धागा वाचून काल माझा फोन चाळला. या सत्रात ९१ फोटो. माझ्या वर्गात अंध कुणी नाही असं मी धरून चालले होते. मग आठवलं, तिसऱ्या बाकावरची एक मुलगी फोन नाकाला टेकवून वाचते. मी तिला दोनदा हटकलंय, "मोबाइल ठेव" म्हणून.

आणि पद्धत बदलायची म्हणजे काय, तर फोनवर बोलून टाइप करायचं. मराठीत बोललं की उमटतं. फोटोपेक्षा पाच मिनिटं जास्त.

---

सहा_टिंबं | मंगळवार, दुपारी १:३०

(जेवणाच्या सुट्टीत.) रोखठोक, "किती असतात" याचं उत्तर २०११च्या जनगणनेत आहे: महाराष्ट्रात साडेएकोणतीस लाखांहून अधिक अपंग. त्यात सगळ्या प्रकारचे आले, आणि तेव्हाच्या जनगणनेत प्रकार मोजकेच धरले होते. २०१६च्या अपंग हक्क कायद्यात ते २१ झाले. १९९५च्या जुन्या कायद्यात ७ होते. तुमच्या वर्गातले दिसत नाहीत याचं एक कारण, त्यातले बरेच तुमच्या वर्गापर्यंत पोचतच नाहीत. २०१६च्याच कायद्याने सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत ५ टक्के जागा राखल्यात. पण प्रवेश मिळून पुढे फोटोच येणार असतील तर ती जागा म्हणजे एसटीत राखीव सीटवर नाव लिहिलंय आणि गाडी थांब्यावर थांबतच नाही.

मास्तरीणबाई, त्या मुलीला काही बोलू नका एवढ्यात. आधी एकदा मजकूर पाठवा. अक्षर मोठं करून ती आपली आपण वाचेल.

---

डीटीपीवाला_अण्णा | मंगळवार, सायंकाळी ६:१०

तीस वर्षं अक्षरजुळणी करतोय, यातला थोडा गुन्हा माझ्या धंद्याचाही आहे म्हणून लिहितो. उद्या कुणी म्हणेल, फोटो नको, प्रकाशकाकडून पुस्तकाची पीडीएफ घ्या. घेतलीत तरी सहा_टिंबं यांची बाई ती वाचणार नाही.

कृतिदेव, श्रीलिपी वगैरे जुने फाँट ही मुळात हातचलाखी. संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरंच असतात, वरून चेहरा मराठी. कृतिदेवमध्ये 'भारत' उमटवायला मी कळा दाबतो: एच, के, के, जे, आर. कागदावर 'भारत' दिसतं, गिऱ्हाईक खूश, बिल पास. पण फाइलच्या पोटात भारत नसतोच. आणि वेलांटीची गंमत बघा. 'कि' लिहिताना जुन्या फाँटात आधी वेलांटी दाबायची, मग क, कारण डोळ्याला ती आधी दिसते. युनिकोडात आधी क, मग वेलांटी.

आम्ही हे सोडलं का नाही? पेजमेकर या पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरमुळे. त्याला युनिकोड कळतच नाही, आणि छापखान्यांची निम्मी जुनी कामं त्यातच अडकलेली. इनडिझाइन या नव्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड मराठी चालतं, पण त्यातला वर्ल्ड-रेडी कंपोझर हा पर्याय निवडावा लागतो. नाही निवडला तर जोडाक्षरं फुटतात आणि लोक म्हणतात, "युनिकोड भिकार आहे, चल श्रीलिपी."

रूपांतर करणारी साधनं आहेत. ९५ टक्के नीट होतं, उरलेल्यात रफार आणि अर्धा र यांचा गोंधळ. तो माणसानेच निस्तरावा लागतो. तक्त्यांची सगळी पानं माझ्याकडे द्या. आणि सर्वांना विनंती, टाइप करून पीडीएफ करू नका. चांगल्या युनिकोडचीसुद्धा पीडीएफ केली की कधीकधी वेलांट्या भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात. साधी वर्डची फाइल ठेवा.

---

सहा_टिंबं | मंगळवार, सायंकाळी ६:४५

अण्णा, दंडवत! बाई अगदी हेच म्हणते. एकदा एक परिपत्रक उघडलं तर पाच मिनिटं "एच के के जे आर" असलं काहीतरी बडबडत राहिली. मला वाटलं हिला वेड लागलं. आज कळलं, ती बिचारी 'भारत' म्हणत होती.

वेलांटीचं म्हणाल तर ब्रेल पहिल्यापासून तुमच्या युनिकोडच्या बाजूने आहे. १९५१ साली देशभरासाठी भारती ब्रेल ठरलं, त्यात आधी क, मग इ. जसं बोलतो तसं.

---

कायद्याचं_बोला | मंगळवार, रात्री ९:००

विरजण घालत नाही, पण या नोट्समध्ये एखाद्या गाइडची पानं असतील तर? स्वामित्व हक्काचा भंग होईल. धाग्यावर उघड वाटप नको.

---

सहा_टिंबं | मंगळवार, रात्री ९:२५

विचारलंत ते बरं. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. अपंग व्यक्तीला वाचता येईल अशा रूपात पुस्तक बदलून देणं, नफा न घेता आणि ते इतरांच्या बाजारात जाणार नाही याची काळजी घेऊन, हा भंग धरला जात नाही. पुढे २०१३मध्ये माराकेशला याच विषयावर आंतरराष्ट्रीय करार झाला आणि त्याला मंजुरी देणारा भारत हा पहिला देश. २०१६पासून सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय त्याच वाटेने चालतं. तेव्हा फाइली मी व्यनितूनच घेतो, धाग्यावर चिकटवत नाही. तुमचाही मान राहील.

---

शेवगा | बुधवार, सकाळी ७:३०

माझी तीन पानं झाली, पाठवली. अवांतर विचारतो: परीक्षेत तो लिहितो कसा? आमच्या वेळी एका अंध मुलाला लेखनिक होता, तेव्हा काही पालक कुजबुजले होते की लेखनिकच हुशार आहे.

---

सहा_टिंबं | बुधवार, सकाळी ८:५०

ती कुजबुज मी माझ्या दहावीत, बारावीत, पदवीला ऐकलीय. २०१८च्या केंद्राच्या सूचनांप्रमाणे स्वतःचा लेखनिक आणलात तर तो परीक्षार्थीपेक्षा एक पायरी कमी शिकलेला हवा असं होतं, आणि दर तासाला किमान २० मिनिटं जादा. जादा वेळेवर लोक जळतात. एकदा डोळे मिटून शेजारच्या मुलाला तीन तास अर्थशास्त्र सांगून बघा. "सीमांत म्हणजे काय दादा? स ला पहिली वेलांटी की दुसरी?" पूर्वी प्रमाणपत्रावर ४० टक्के अपंगत्व असल्याशिवाय लेखनिक मिळेना. २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, लिहिताना हात आखडणाऱ्या एका यूपीएससी उमेदवाराच्या प्रकरणात, ती अट चुकीची ठरवली.

शुद्धलेखनाचं दुखणं तर वेगळंच. पेपरात ऱ्हस्व-दीर्घ चुकतो लेखनिकाचा, गुण कापले जातात माझे. पण खरी गोष्ट सांगतो, ती आमच्यातही सगळ्यांना आवडत नाही. मी निवासी शाळेत ब्रेल पाटीवर शिकलो. माझ्या बोटाला 'इ' म्हणजे दुसरं आणि चौथं टिंब, 'ई' म्हणजे तिसरं आणि पाचवं. पाणीतली दुसरी वेलांटी मी हजारदा शिवलीय. आजची पोरं सगळं कानाने वाचतात. फोन 'पाणि' आणि 'पाणी' सारखंच बोलतो. हे पोर हुशार आहे, मागणीचा नियम झोपेत सांगेल, पण परवा त्याने टाइप केलेल्या मेसेजमध्ये 'शेतकरी'चा श पोटफोड्या. त्याची चूक नाही, तो शब्द त्याला कधी कुणी दाखवलेलाच नाही. म्हणून कुणी "आता फोन आहे, ब्रेल कशाला" म्हणालं की मी भांडतो. २००८मध्ये 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू झालं तेव्हा आम्ही होस्टेलवर पानांची वाटणी करून वाचायचो. बातमी शिळी असायची, पण आपली आपण वाचलेली असायची.

---

आकाशकंदील | बुधवार, दुपारी ३:१५

सगळं वाचलं, दोन पानं घेतलीही. पण एक टोचलं म्हणून लिहिते. मास्तरीणताई म्हणाल्या तसं बोलून टाइप करणं उत्तम. मात्र बरेच शिक्षक तेवढंही न करता थेट आवाजच रेकॉर्ड करून टाकतात आणि "सर्वांना सोयीचं" म्हणतात. माझ्या लेकाला ऐकू येत नाही. त्याच्यासाठी बारा मिनिटांचा ऑडिओ म्हणजे तुमच्या पोराचा फोटोच. करोनात मास्क आले आणि त्याचं ओठ वाचणं एका दिवसात बंद झालं. दुकानात, बँकेत, शाळेत, सगळीकडे. त्या दोन वर्षांत तो खुणांची भाषा नीट शिकला. दिल्लीच्या संस्थेने काढलेला भारतीय सांकेतिक भाषेचा कोश आहे, २०२१मध्ये त्यात १०,००० शब्द झाले. आम्ही दोघंही रोज रात्री दहा शब्द करायचो. मी अजून कच्ची आहे. भांडणात तो इतक्या भरभर हात चालवतो की मी हरते.

सांगायचं काय, अक्षरात दिलंत तर त्याला आणि तुमच्या पोराला, दोघांनाही चालतं.

---

मास्तरीण | बुधवार, दुपारी ४:००

ऑडिओ मीही टाकलेत, आकाशकंदील. सोमवारपासून फक्त मजकूर.

---

रोखठोक | बुधवार, रात्री १०:३०

ठीक आहे, माझीही दोन पानं पाठवा. मत पूर्ण बदललेलं नाही. पण परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पाणी बंदची नोटीस मला सापडेना, फोटोत होती म्हणून. 'पाणी' शोधलं तर शून्य.

---

पन्नाशीचा_प्रवासी | बुधवार, रात्री ११:५०

दोन वर्षं इथे नुसता वाचत असतो. पहिलाच प्रतिसाद.

माझी नजर चाळिशीनंतर गेली. काचबिंदू, उशिरा कळला. सरकारी कचेरीत होतो, कुठल्या ते सोडा. साहेबांनी फार प्रेमाने सांगितलं, "तुम्ही स्वेच्छानिवृत्ती घ्या, कशाला त्रास." बायकोसुद्धा म्हणाली घ्या. अर्ज लिहून तयार होता. एका ओळखीच्याने २०१६च्या कायद्यातलं विसावं कलम वाचून दाखवलं: नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढता येत नाही, हुद्दा उतरवता येत नाही. काम जमत नसेल तर त्याच वेतनावर दुसरं द्यायचं. अर्ज फाडला. पुढचं वर्षभर मला एका टेबलावर नुसतं बसवून ठेवलं. पगार चालू, काम नाही. चहा सगळ्यांच्या आधी यायचा. ते वर्ष नजर जाण्यापेक्षा वाईट होतं. मग संगणक शिकलो. आज आवक-जावक बघतो, आणि जी कागदपत्रं ईमेलने मजकुरात येतात ती कचेरीत सर्वांत आधी मीच निकाली काढतो. जी फोटोत येतात ती शिपायाची वाट बघतात.

माझ्याने टाइप होईल, लिहिलेलं वाचणार कोण? कुणी फोनवर वाचून दाखवत असेल तर पाच पानं मी घेतो.

---

चहाबाज | गुरुवार, सकाळी ६:२०

काका, मी वाचतो. रात्री ९ नंतर कधीही.

---

रानमांजर | गुरुवार, दुपारी १२:१०

हा धागा बातमीत आला तर मथळा काय असेल? "अंधत्वावर मात करून..." मी वृत्तपत्रात उपसंपादक होतो, असे मथळे मी स्वतः पाडलेत, निकालाच्या दिवशी चार-चार. प्रांजल पाटील यांच्या वेळी सगळीकडे त्यांच्या जिद्दीचे गोडवे. उल्हासनगरची मुलगी, २०१६ला लागलेल्या यूपीएससीच्या निकालात ७७३वी आली, रेल्वे लेखा सेवा मिळाली, आणि दिसत नाही म्हणून रेल्वेने नाकारली. पुढच्या वर्षी १२४वी येऊन ती आयएएस झाली. आम्ही 'जिद्द' मथळ्यात टाकली आणि 'नाकारली' शेवटच्या परिच्छेदात. जागा कमी पडली तर तोच परिच्छेद आधी उडतो. मालिकांचं तर बोलूच नका, शेवटच्या भागात आंधळ्या नायिकेला दृष्टी आलीच पाहिजे. २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पडद्यावरच्या असल्या चित्रणाबद्दल मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली आहेत. बघू.

(दिव्यांग म्हणावं की अपंग, यावर कृपया इथे कुणी सुरू करू नका. त्याचा २०० प्रतिसादांचा धागा आधीच आहे.)

---

सहा_टिंबं | शुक्रवार, रात्री ९:१५

हिशोब: १३८ पैकी १३१ पानं आली. काकांची पाचही, एकही चूक नाही. उरलेल्या सात पानांत आलेख आहेत. निळी_छत्रीने एकाचं वर्णन लिहिलं: "येथे मागणी वक्राची आकृती आहे." ताई, हे म्हणजे "येथे जेवण आहे" सांगून ताट उचलून नेल्यासारखं झालं. असं लिहा: आडव्या अक्षावर मागणीचं प्रमाण, उभ्यावर किंमत. रेषा डावीकडे वरून सुरू होते, उजवीकडे खाली उतरते. किंमत १० ला मागणी २०, किंमत ५ ला ४०. बस.

---

सुईदोरा | शुक्रवार, रात्री १०:००

मी ७१ वर्षांची, टायपिंग जमत नाही म्हणून गप्प होते. पण शिवणकामाचं दातेरी चाक असतं ना, कापडावर खुणा उमटवायचं, ते जाड कागदावर फिरवलं तर मागच्या बाजूला टिंबटिंबांची रेघ उठते. बोटाला लागते. आलेख तसे काढून देऊ का? पत्ता द्या, कुरिअर करते.

---

सहा_टिंबं | शुक्रवार, रात्री १०:१०

आजी, याच चाकावर आम्ही शाळेत भूमिती शिकलो! खाली जुनं रबर किंवा वर्तमानपत्राची घडी ठेवा, रेघ छान उठते. पत्ता व्यनि केलाय.

---

सहा_टिंबं | पुढच्या गुरुवारी, रात्री ८:३०

आजींची पाकिटं पोचली. पोराने आज फोन केला. पहिला आलेख चाचपला, दोनदा चाचपला आणि म्हणाला, "दादा, उभा अक्ष उजव्या हाताला आहे. आणि किंमत वाढतेय तशी उजवीकडे रेघ वर चढतेय. हा तर पुरवठा वक्र झाला, तोही उलटा उभा राहून."

आजी, चाक ज्या बाजूने फिरवता तिच्या मागे रेघ उठते, त्यामुळे डावं-उजवं फिरतं. आधी आरशातल्यासारखं उलटं काढायला हवं होतं. चूक माझी. ब्रेल पाटीवर आम्ही जन्मभर उजवीकडून डावीकडे उलटंच टोचतो, ते इतकं अंगवळणी पडलंय की तुम्हाला सांगायचंच राहिलं.

---

सुईदोरा | पुढच्या गुरुवारी, रात्री ९:०५

अगो बाई! ब्लाउजची उलट बाजू आयुष्यभर बघितली आणि इथे विसरले. सातही परत काढते. त्याला सांगा, पहिला संच टाकू नको, पुरवठ्याच्या धड्याला कागद उभा फिरवून चालतो का ते बघू.